पहिली कॉपी दुकानाची

काकाजी,

तुमच्या तेरवीला लोक काय बोलले ते आधी सांगते. म्हणजे तुम्हाला राग येईल आणि मला पुढचं लिहायला सोपं जाईल. मिलमधले एक साहेब आले होते. ते म्हणाले, वामनराव म्हणजे आपल्या मोहल्ल्यातले पहिले जपान-रिटर्न. दुसरे उठले, त्यांनीही जपानच सांगितलं. तिसऱ्यांनी तर तुम्हाला विमानात बसवून टोकियोला पोचवलं. तुम्ही बोटीने गेला होता, आणि ओसाकात होता. सहा महिन्यांची तेवढी एक गोष्ट सगळ्यांनी उचलली आणि बाकीचा माणूस मंडपाबाहेर ठेवला. काकूंना वाटलं, आता ही उठेल. मी कुठेही उठून बोलते, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. पण मी बसून राहिले. मला जे बोलायचं होतं ते वरणभाताच्या पंगतीत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुम्हाला दवाखान्यात खोटं सांगितलं होतं, आणि ते तुम्हाला कळलं होतं.

तुम्ही जपानहून आलात तेव्हा मी दुसरीत होते. आपल्या दोन घरांत भिंत एकच. बाबा आणि तुम्ही लहानपणी एकाच मागावर विणायला शिकलात. बाबा हातमागावरच राहिले, तुम्ही मिलच्या विणाई खात्यात फिटर झालात. मिलने नवे जपानी माग घेतले आणि ते खोलायचे-जोडायचे कसे हे शिकायला तुम्हाला तिकडे धाडलं. सगळ्यांना वाटलं रेडिओ आणाल, निदान काकूंना नायलॉनची साडी. तुम्ही आणलात कोणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणि खोकंभर फोटो. तेही कशाचे? दुकानांचे. काकू अजून कपाळाला हात लावतात, "इतक्या दूर जाऊन ह्या माणसानं काय पाह्यलं, तं छत्रीवाला!"

मी ते फोटो तुमच्या ओसरीवर पालथी पडून इतक्या वेळा पाहिले की ती गल्ली मला पाठ आहे. दारात उकिडवा बसून छत्रीच्या काड्या जोडणारा. लाकडी खडावांना पट्टे ओवणारी बाई. जाड चटया शिवणारे बापलेक, कोपराने सुई दाबणारे. पाण्याच्या हौदात हात घालून सोयाबीनचं पनीर कापून देणारी म्हातारी. आणि सकाळी दुकानाच्या फळ्या काढणारा तांदूळवाला. तो फोटो दाखवताना तुम्ही दर वेळी नव्याने हरखायचे. "पाह्य वं पाह्य! त्यायनं बी फळ्यायवर नंबर टाकले आहेत!" आपल्या ओळीतल्या दुकानांनाही तशाच फळ्या, डांबराने एक, दोन, तीन लिहिलेल्या. एक फळी चुकली की पुढची बसत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी रोज सकाळी हीच कटकट करतो, याचा तुम्हाला केवढा आनंद!

त्या म्हातारीचीच गोष्ट सगळ्याच्या मुळाशी आहे. पहिल्या सुटीला तुम्ही तिला न विचारता फोटो काढला. तिने सुरा खाली ठेवला, तुमचं मनगट धरलं आणि तुम्हाला दुकानात ओढलं. तुम्हाला तिची भाषा येईना, तिला तुमची. तुम्हाला वाटलं, आता पोलीस. तिने तुम्हाला बसवलं, बिनसाखरेचा चहा पाजला, आत जाऊन धुतलेला एप्रन बांधून आली, केस सारखे केले आणि हौदाजवळ ताठ उभी राहिली. आता काढ. पुढच्या सुटीला तुम्ही कॉपी नेऊन दिली. तिने ती दाराला आतून चिकटवली. त्याच्या पुढच्या सुटीला छत्रीवाला स्वतःच रस्त्यात आडवा आला.

तेव्हापासून तुमचा नियम झाला, आणि नागपुरात परतल्यावरही तोच चालला. आधी बसायचं. मग विचारायचं. मग फोटो. आणि पहिली कॉपी दुकानाची. दुकानदाराने पाहिल्याशिवाय तो फोटो कोणालाही दाखवायचा नाही. मिलच्या सुटीला तुम्ही आपल्या ओळीतल्या दुकानांत जाऊन बसायचे. कल्हईवाला, पत्रावळीवाला, लुगड्यांचे काठ दुमडून घड्या घालणारा. दुपारी मोरीच्या खिडकीला गोधडी ठोकून, लाल दिव्यात, काकूंच्या पराती लपवून आणून फोटो धुवायचे. काकू बाहेरून ओरडायच्या, "मले आंघोळ करू द्या जी, तुमचे जपानी बाहेर काढा आधी!" आत कल्हईवाला असो की पत्रावळीवाला, काकूंच्या लेखी ते सगळे जपानीच.

मग मी मोठी झाले आणि तुमच्यावर चिडायला लागले.

काकाजी, चिडण्यासारखंच होतं. सूत मिळेना. एकेका घरातला खटखट आवाज बंद होत गेला. बाबांनी माग उकलून माळ्यावर टाकला आणि एका गोदामावर राखणदार म्हणून उभे राहिले. मी कॉलेज अर्धं सोडून पत्रकं काढायला लागले, आणि तुम्ही ती माझ्यासमोर मोठ्याने वाचायला लागलात. "जागे व्हा! जागे व्हा! जागे व्हा! तीनदा काहून वं? पहिल्यांदाच झोपमोड होते ना." मला नावच पडलं तुमच्याकडून: आली आमची पत्रकवाली.

मी म्हणायची, "इथं माग बंद पडून राहिले अन् तुम्ही मले छत्रीवाले काय दाखवता?"

"तो छत्रीवालाबी आता नसंल वं."

"मंग त्याच्यासाठी काय केलं तुम्ही?"

"त्याच्यापाशी बसलो."

"बसून काय होते?"

"पाय दुखते."

आणि हसायचे. मला तुमच्या त्या हसण्याचा किती संताप यायचा! आज लिहिताना मीच हसले, आणि मग लिहिणं थोडा वेळ थांबवावं लागलं.

आता सोनबाजी.

हे वाचणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी सांगते. मागावर ताण्याचा एकेक धागा ज्या बारीक दातांमधून जातो, ती फणी. एक दात जरी सैल असला तरी कापडात उभी रेघ पडते. आपल्या ओळीत सोनबाजी फण्या बांधायचे आणि दुरुस्त करायचे. उमरेडहून लोक बसने फणी जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून आणायचे, बाळंतीण आणावी तशी. सोनबाजी फणी आडवी धरत, डोळे मिटत, मान खाली घालत आणि अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत. किर्रर्र असा एकसारखा आवाज. जिथे दात सैल, तिथे आवाज पडतो. बघून नाही, ऐकून सापडतो तो दात. मी विणकराची मुलगी आहे. हे मला माहीत होतं. हे मला माहीत होतं, हे मी दोनदा मुद्दाम लिहिते आहे.

तुम्ही त्या क्षणासाठी किती सुट्या त्यांच्या दुकानात बसलात! सोनबाजी कॅमेरा दिसला की ताठ व्हायचे, मिशा सारख्या करायचे. शेवटी एका सकाळी ते तुम्हाला विसरले आणि तुम्हाला तो फोटो मिळाला. मिटलेले डोळे, वाकलेली मान, हातात फणी, नऊच्या नऊ फळ्या काढलेल्या म्हणून सगळ्या दुकानभर ऊन. दुपारी तो मोरीबाहेरच्या दोरीवर चिमट्याने टांगून वाळत होता. तुम्ही जेवायला बसला होता. मी तो काढला, वहीत घातला आणि निघून गेले.

मला सुताच्या मोर्च्यासाठी पत्रकावर फोटो हवा होता. तुमच्याकडे आधी मागितला होता. तुम्ही म्हणालात, "रिकामा माग दाखव ना. माणूस काहून रिकामा दाखवतं?" मला तो भेकडपणा वाटला. छपाईचा ब्लॉक स्वस्तातला करून घेतला. त्या ब्लॉकने आणि त्या कागदाने सगळं ऊन गिळलं; सोनबाजींच्या गालांचे खड्डे झाले, मिटलेले डोळे खाचा झाले. खाली मी लिहिलं: "रिकामी फणी, रिकामं पोट!" तीन उद्गारचिन्हं टाकली होती, छापणाऱ्याने जागा नाही म्हणून एकच ठेवलं.

पत्रक गाजलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. भिंतीभिंतीवर सोनबाजी उपाशी बसले होते. चार दिवसांनी कुठल्याशा दुसऱ्या मोहल्ल्यातली भली माणसं जवारीचं पोतं घेऊन त्यांच्या दुकानासमोर आली. पोत्याला झेंडूची माळ. एकाने भाषणही केलं. उमरेडच्या लोकांनी ऐकलं की म्हाताऱ्याचं दुकान बुडालं. त्यांनी फण्या दुसरीकडे नेल्या. सोनबाजींनी पोत्याला हात लावला नाही. ते उठले आणि भर सकाळी फळ्या लावायला लागले. एक, दोन, तीन, क्रमाने.

त्या संध्याकाळी ते तुमच्या दारात आले. हातात पत्रकाची घडी. मी तुमच्याच आतल्या खोलीत मोर्च्याचे फलक रंगवत होते. काकू म्हणाल्या, बसा, चहा ठेवते. ते बसले नाहीत.

"वामन, मी उपाशी आहो का गा?"

"नाही," तुम्ही म्हणालात.

"मंग?"

मी पडद्यामागे उभी होते. हातात ब्रश. कलेक्टर कचेरीसमोर चौथऱ्यावर चढून ओरडणारी मी. माझ्यात आणि त्या दारात एक पडदा होता, फाटका, धुवट पडदा. तुम्ही म्हणालात, "चुकलं माह्यं."

मी बाहेर आले नाही.

त्यानंतर ओळीतल्या एकाही दुकानाने तुम्हाला बसा म्हटलं नाही. कल्हईवाल्याने तर पूर्वी दिलेली कॉपी परत आणून दिली. कॅमेरा पंच्यात गुंडाळून फडताळात गेला. कोणी विचारलं तर तुम्ही सांगायचे, फिल्म मिळत नाही चांगली. मला तुम्ही रागावला नाहीत. एकदाच म्हणालात, "तुह्यं काम खरं आहे. म्हून सोनबाजीनं उपाशी असलंच पाहिजे का? नसला तरी?" मी तेव्हा अर्धा तास बोलले. माणसापेक्षा प्रश्न मोठा असतो, एकाच्या मानापेक्षा हजारांची भाकर मोठी असते, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "एवढं सगळं सोनबाजीले सांगून ये." 

मी दोन वर्षं गेले नाही. पलीकडच्या गल्लीने जायची. त्यांचं दुकान पुन्हा उघडलं, पण नऊपैकी तीनच फळ्या काढून, आत अंधारात बसतात, एवढं कानावर आलं होतं.

मग रामदासपेठेतला तो दवाखाना. काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या. तुम्ही डोळे उघडलेत आणि पहिलंच विचारलंत, "सोनबाजीकडं गेली होती का वं?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणला?"

"काही नाही. हसले."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "सोनबाजी हसत नाही वं, निर्मला."

पत्रकवाली नाही. निर्मला. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, मग खिडकी लाव म्हणालात, ऊन येते. मी खिडकी लावली. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि माझा खोटेपणा तुमच्याबरोबर बंद झाला, उघडायची सोयच राहिली नाही.

एक गोष्ट मात्र मी अजूनही मागे घेत नाही, काकाजी, मेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात तरी. माग मेले. ते आपोआप नाही मेले. तुम्ही नुसते बसून राहिलात, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तुमच्याकडे डोळा होता आणि तुम्ही तो कोणाविरुद्ध कधी वापरला नाहीत. यावर आपलं भांडण राहिलं आहे. पण मी जे केलं ते लढणं नव्हतं. लढायला सोनबाजींना विचारावं लागलं असतं. त्यांच्याजवळ बसावं लागलं असतं. मला तेवढा वेळ नव्हता, मला शुक्रवारच्या आत छापून हवं होतं.

तेरवीनंतर काकूंनी तुमचं फोटो-कागदाचं पिवळं पाकीट माझ्यापुढे टाकलं. आत तोच फोटो, दुसरी कॉपी. मागे तुमच्या तिरप्या अक्षरात पेन्सिलीने: सोनबाजी, पहिली. मग 'पहिली' खोडलेलं. काकू म्हणाल्या, "तीनदा निघाले होते हे द्याले. तीनदा चपला घालून वापस आले. म्हणे, पहिली तं भिंतीवर गेली, आता ही काय द्यायची."

मी काल गेले.

तीन फळ्या काढलेल्या होत्या. आत सोनबाजी फणी घेऊन बसले होते, डोळे मिटून. मी उभ्यानेच सुरुवात केली, सभेत करते तशी.

"बस," ते म्हणाले.

"मला सांगायचं आहे की..."

"बस म्हणलं ना पोरी."

बसले. नख फिरत होतं. त्यांनी अख्खी फणी संपवली. मध्ये एका जागी आवाज पडला, तो मलाही कळला. त्यांनी तिथे खडूची रेघ मारली आणि फणी खाली ठेवली.

"हं. बोल."

"तो फोटो मी चोरला होता. काकाजींनी नव्हता दिला. खालचं मी लिहिलं. तुम्ही त्यांच्या दारात आले तेव्हा मी आत होती."

"पडद्याखालून पाय दिसून राहिले होते तुह्ये. लाल रंग लागला होता अंगठ्याले."

मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं काहून सोडलं?"

"तू बाहेर येतं का, ते पाहून राहिलो होतो. तोबी तेच पाहून राहिला होता. मंग त्यानं तुले झाकलं. झाकाचं काही काम नव्हतं." मग म्हणाले, "तेरवीले नाही आलो. दोन साल बोललो नाही त्याच्याशी, मंग कोणत्या तोंडानं येऊ?"

मी पाकीट पुढे केलं. ते म्हणाले, इथं अंधारात काय दिसन. चौथी फळी काढ. ती अडकते, वर उचलून ओढ. मी उचलून ओढली, उलटी भिंतीला टेकवायला गेले, तर सोनबाजी ओरडले, "अवं, नंबर बाहेर! लावताना मीच चुकन ना!" उन्हाची एक पट्टी त्यांच्या मांडीवर पडली. त्यात धरून त्यांनी फोटो पाहिला. चेहऱ्याकडे नाही, आधी फणीकडे. बोट ठेवून पाहिलं. "बरोबर आली," म्हणाले. मग चेहऱ्याकडे पाहिलं. "मले मालूमच नव्हतं त्यानं डोये मिटल्यावर काढला म्हून."

ताण्याला लावायची खळ असते ना, ती त्यांच्याकडे वाटीत भिजवलेली होती. त्यांनी तीच फोटोच्या मागे फासली, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांवरूनच, आणि फोटो चौथ्या फळीला आतल्या बाजूने चिकटवला. हाताच्या कडेने दाबून दाबून हवा काढली. तुमच्या त्या ओसाकातल्या म्हातारीबद्दल त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं का, ते आता कोणाला विचारू?

मी निघाले तेव्हा ते पुन्हा फणीला लागले होते. चौथी फळी बाहेरच होती, भिंतीला टेकलेली, नंबर दिसेल अशी.

तुम्ही विचारलं होतं, काय म्हणला. सोनबाजी हे म्हणाले, काकाजी. एवढंच. हसले नाहीत.